पडदाविरहित कॅमेरा आणि निवडीची वेळ

पुणे–सातारा रस्त्यावरील नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारी वाट मार्गासनीस आली म्हणजे राजगडाच्या पायथ्याकडे, साखर व गुंजवणे या गावांकडे, एक फाटा फुटतो. गुंजण मावळातील या गावाला इतिहासाच्या ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण लाभलेले नाही. परंतु गेल्या शतकाच्या उत्तरार्धात राजगडावर कॅमेरा घेऊन गेलेल्या मंडळींपैकी पुष्कळांची वाट या गावावरून गेली. त्यांनी गडावर काय टिपले आणि टिपलेल्यापैकी काय उरले, हे दोन निरनिराळे प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर गड, ऋतू आणि टिपणाऱ्याची आवड यांच्या आधारे देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातातील यंत्राच्या रचनेत दडलेले असते, आणि त्याकडे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

हा दुसरा प्रश्न अलीकडच्या एका कॅमेऱ्यामुळे पुन्हा विचारात घेणे भाग पडते. सप्टेंबर २०१४ मध्ये जर्मनीतील लायका कंपनीने आपल्या ‘एम’ मालिकेच्या साठाव्या वर्षानिमित्त ‘एम एडिशन ६०’ या नावाचा कॅमेरा प्रसिद्ध केला. तो डिजिटल होता. परंतु घेतलेले चित्र तत्काळ दाखविणारा मागचा पडदा त्याला ठेवलेलाच नव्हता. जेथे पडदा असावयाचा, तेथे प्रकाशसंवेदनक्षमता ठरविणारी एक चकती होती. या कॅमेऱ्याचे अवघे ६०० संच काढण्यात आले आणि ते अर्थातच वापरणाऱ्यांपेक्षा संग्राहकांच्या कपाटांत अधिक गेले. तेव्हापासून एक चमत्कारिक प्रतीक्षा सुरू झाली. सामान्य विक्रीसाठी असाच साधा कॅमेरा निघावा, अशी अपेक्षा छायाचित्रकारांच्या एका लहानशा पण आग्रही वर्गात बाळगली जाऊ लागली. एप्रिल २०१६ मध्ये ‘एम-डी टाइप २६२’ आला व ती पुरी झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘एम१०-डी’ आला. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये ‘एम११’ हा पडद्यासहित कॅमेरा निघाला, तेव्हा त्याच्या पाठोपाठ पडदाविरहित भावंडही येणार असे अनेकांनी गृहीत धरले. ते प्रत्यक्षात यावयास सप्टेंबर २०२४ उजाडला.

यंत्रांच्या इतिहासात नव्या सोयीची वाट पाहणारे लोक नेहमीच आढळतात. असलेली सोय काढून घेतली जावी म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणारे, आणि त्यासाठी अधिक दाम मोजणारे, विरळा. २०१६ साली अमेरिकेत पडद्यासह मिळणाऱ्या ‘टाइप २६२’ ची किंमत ५,१९५ डॉलर होती. पडदा नसलेल्या ‘एम-डी’ ची ५,९९५ डॉलर. उणे केलेल्या वस्तूसाठी आठशे डॉलर अधिक! केवळ श्रीमंतांची लहर म्हणून हा प्रकार सोडून देता आला असता. पण या प्रतीक्षेच्या समर्थनार्थ जे कारण पुढे करण्यात आले, ते इतिहासाचे आहे. पडदा नसल्यामुळे छायाचित्रण आपल्या मूळ स्वरूपास परत जाते, टिपणे आणि पाहणे यांच्यातील जे अंतर आरंभापासून होते ते पुन्हा प्रस्थापित होते, असे हे प्रतिपादन आहे. इतिहासाच्या आधारे केलेले विधान इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहणे क्रमप्राप्तच आहे.

प्रथम यंत्राची घडण ध्यानी घेतली पाहिजे. ‘रेंजफाइंडर’ म्हणजे अंतर मापून भिंग जुळविणारा कॅमेरा. त्याच्या दर्शनी अंगावर परस्परांपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. दोहोंतून येणारी प्रतिमा डोळ्यापुढे एकत्र आणली जाते. भिंगाचे कडे फिरविले की दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळल्या म्हणजे त्या अंतरावरील वस्तू स्पष्ट येणार हे निश्चित होते. ऑस्कर बार्नाक याने घडविलेला लायका १९२५ साली बाजारात आला, त्यात ही जोडणी नव्हती. ती १९३२ च्या ‘लायका दोन’ मध्ये आली. १९५४ च्या ‘एम३’ मध्ये अंतर मापणे आणि चौकट पाहणे ही दोन्ही कामे एकाच खिडकीतून होऊ लागली. या रचनेचे एक वैशिष्ट्य असे की, पाहणारा भिंगातून पाहत नाही. भिंगाच्या शेजारच्या काचेतून तो जग पाहतो, आणि भिंगाने काय पाहिले याचे केवळ अनुमान करतो. भिंगावर टोपी तशीच राहिली तरी त्याला खिडकीतून सारे लख्ख दिसते. म्हणजे पडदा नसलेल्या रेंजफाइंडरमध्ये छायाचित्रकार दोनदा अज्ञानात असतो: टिपण्यापूर्वी आणि टिपल्यानंतर.

हे दुसरे अज्ञान छायाचित्रणाच्या जन्मापासूनचे आहे काय? पश्चिम भारतातील पुरावा याच्या विरुद्ध जातो.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑक्टोबर १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांचाही तिच्याशी संबंध होता. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाला. या काळात दोन पद्धती एकमेकींशेजारी नांदत होत्या. एक कागदी निगेटिव्हची, दुसरी ओल्या काचेची. ओल्या काचेची पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि ओली असतानाच धुवावयाची. थर वाळला की संवेदनक्षमता गेली. दख्खनच्या उन्हात तर हा अवधी आणखी आखूड होत असे. म्हणून छायाचित्रकाराला कॅमेऱ्याशेजारीच काळोखा तंबू उभारावा लागे. औषधे, काचा आणि पाणी यांचे ओझे बरोबर न्यावे लागे. राजगडासारख्या डोंगरी किल्ल्यावर हे साहित्य चढविणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट चढली आहे, त्याला सहज येईल.

पण या दगदगीचा एक परिणाम असा होता की, छायाचित्रकार आपले चित्र काही मिनिटांत, त्याच जागी, पाहत असे. निगेटिव्ह उलट्या छायेचे असले तरी सरावलेल्या नजरेला ते वाचता येई. चित्र बिघडले, हालले, डागाळले, तर तो तेथल्या तेथे दुसरे घेई. आणि बिघडलेल्या काचेचे काय होई? ती खरवडून, पुसून, पुन्हा थर देऊन वापरली जाई. काच महाग होती व वाहून आणलेली होती. फसलेले चित्र जपून ठेवण्यात कोणालाही स्वारस्य नव्हते. टिपणे, लगेच पाहणे, न आवडल्यास पुसणे आणि तीच जागा पुन्हा वापरणे, हा चार पायऱ्यांचा क्रम आजच्या कोणत्याही पडदेवाल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या वापरकर्त्यास अपरिचित वाटणार नाही. तेव्हा पडदा ही विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथमच घडलेली क्रांती नव्हे. १८५०–६० च्या दशकांतील एक प्रघात तिने वेगळ्या साधनांनी पुन्हा चालू केला.

कागदी पद्धतीची कथा निराळी आहे. विशेषतः मेणाचा हात दिलेला कागद कित्येक दिवस आधी तयार करून ठेवता येई आणि टिपल्यावर काही दिवसांनी, मुक्कामी पोहोचून, धुता येई. येथे विलंब शक्य होता. शिवाय वापरलेला कागद पुन्हा वापरता येत नसे. मुंबई सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन टॉमस बिग्ज याची विजापूर व इतर स्थळांच्या वास्तूंची चित्रे घेण्यासाठी नेमणूक केली. त्याने शंभराहून अधिक कागदी निगेटिव्ह केली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला लष्करी कामावर परत बोलाविण्यात आले आणि ते काम डॉ. विल्यम पिगू याच्याकडे आले. पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. ही चित्रे मोठ्या ग्रंथरूपाने लंडनला १८६६ साली प्रकाशित झाली. विजापूरच्या ग्रंथाला मेडोज टेलर याचे ऐतिहासिक व जेम्स फर्ग्युसन याचे वास्तुविषयक विवेचन जोडलेले होते. धारवाड व म्हैसूरच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पिगूच्या नावामागे ‘कैलासवासी’ या अर्थाचा शब्द छापलेला आहे. म्हणजे चित्र घेणारा आणि चित्र निवडणारा या दोन व्यक्ती झाल्या होत्या. त्यांच्यामध्ये दहा वर्षांचे अंतर, एक समुद्र आणि एक मृत्यू उभा होता. पिगूने कोणते चित्र स्वतः चांगले मानले असते हे निवडणाऱ्यांस विचारता येत नव्हते. त्यांना वास्तूच्या इतिहासाचे प्रश्न पडले होते आणि त्या प्रश्नांना धरून त्यांनी निवड केली. हे शक्य झाले ते कागद पुसता येत नव्हता म्हणून.

या दोन पद्धतींतील भेद आजवर बहुधा सौंदर्याच्या वा सोयीच्या अंगाने सांगितला गेला आहे: कागदाचे चित्र मऊ, काचेचे रेखीव. इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा भेद निवडीच्या वेळेचा आहे. ओल्या काचेत निवड टिपण्याच्या जागीच, टिपणाऱ्याकडूनच, काही मिनिटांत होते व निवडून टाकलेले नष्ट होते. कागदात ती पुढे ढकलली जाते, आणि पुढे ढकललेली निवड दुसऱ्याच कोणाच्या हाती पडू शकते.

यानंतरचा शंभर वर्षांचा काळ विलंबाचा होय. रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या दशकाच्या अखेरीस तयार कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या. १८८८ साली ईस्टमनने शंभर चित्रांचा रोल आधीच भरलेला ‘कोडॅक’ कॅमेरा विकावयास काढला. चित्रे घेऊन झाली की ग्राहकाने कॅमेराच कारखान्यास पाठवावयाचा. टिपणारा व धुणारा यांची अशी फारकत झाल्यावर, टिपल्यानंतर वाट पाहणे ही सर्वांचीच सवय झाली. ज्या ‘मूळ’ स्थितीकडे परत जाण्याची भाषा पडदाविरहित कॅमेऱ्याच्या प्रतीक्षेत बोलली गेली, ती स्थिती छायाचित्रणाच्या जन्मकाळची नसून या मधल्या, औद्योगिक शतकाची आहे. हा काळ अनेकांच्या तारुण्याचा काळ होता, एवढेच त्याच्या ‘मूळपणा’चे कारण दिसते.

या विलंबाला आणखी एक बाजू होती. ती बहुधा विसरली जाते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर प्रथम वाटाण्याचे रोप कसे वाढते याची चित्रफीत केली. रोज थोडे थोडे टिपावयाचे आणि पुष्कळ दिवसांनी एकदम सारे पाहावयाचे, असा हा प्रयोग होता. विलंबाचा इतका शुद्ध उपयोग मराठी मुलखात त्यापूर्वी कोणी केला असेल असे वाटत नाही. परंतु ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या वेळी या विलंबाची किंमत कोणी मोजली? कोऱ्या फितीला छिद्रे पाडावी लागत. ते काम काळोखात करावे लागे. आणि ते, तसेच फीत भरण्या-धुण्यातील बरेचसे काम, सरस्वतीबाई फाळके यांनी दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून रात्री केले. टिपणे आणि पाहणे यांच्यातील अवकाश रिकामा नव्हता. तो कोणाच्या तरी श्रमांनी भरलेला होता. पुढे तेच श्रम तालुक्याच्या गावच्या फोटो स्टुडिओतील अंधारखोलीत झाले. गडावरून उतरलेल्या मंडळींनी ‘रोल धुवायला टाकला’ की पुढचे काही दिवस त्या खोलीतील माणसाचे असत. नव्या पडदाविरहित कॅमेऱ्यात वाट पाहणे तेवढे उरले आहे, त्यामागचे श्रम नाहीत. चित्र तर क्षणार्धात तयार होऊन बसलेलेच असते. केवळ ते दाखविले जात नाही. हा विलंब ओढवलेला नव्हे, विकत घेतलेला आहे. त्याची प्रशंसा करणाऱ्यांनी हा फरक मान्य केला तर त्यांच्या म्हणण्यातील पुष्कळसा अभिनिवेश गळून पडेल.

तरीही त्या म्हणण्यात एक तथ्य उरते. मात्र ते छायाचित्रकाराच्या संयमाचे नसून साधनांच्या जतनाचे आहे.

डिजिटल कॅमेऱ्याला पडदा आरंभापासून होता असे नाही. १९९४ मधील ‘ॲपल क्विकटेक १००’ याला चित्र दाखविणारा पडदा नव्हता. त्यात मोठ्या आकाराची अवघी ८ चित्रे मावत, आणि त्यांतील एखादेच पुसण्याची सोय नव्हती. १९९५ मध्ये विक्रीस आलेल्या ‘कॅसिओ क्यूव्ही-१०’ पासून सामान्य ग्राहकाच्या हाती मागचा पडदा आला. घेतलेले चित्र पाहावे आणि न आवडल्यास पुसावे हा प्रघात तेथून रूढ झाला. साठवणुकीची जागा त्या काळी इतकी तुटपुंजी होती की पुसणे ही चैन नसून गरज होती. रेंजफाइंडर जातीत पहिला डिजिटल कॅमेरा २००४ चा ‘एप्सन आर-डी१’. त्याचा पडदा उलटा फिरवून झाकून ठेवता येत असे, हे सूचक आहे. पडद्याविषयीची अस्वस्थता या जातीत जन्मतःच होती. लायकाचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर ‘एम८’ सप्टेंबर २००६ मध्ये पडद्यासह आला.

पडद्यामुळे निवड पुन्हा टिपण्याच्या जागी येऊन पोहोचली. समजा, चोर दरवाजाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या मंडळींचे चित्र घेतले आणि एकाने डोळे मिटले. रोलच्या काळात ही चौकट निगेटिव्हच्या पट्टीवर तशीच राहिली असती. तिची प्रत कोणी काढली नसती, पण तिच्या मागच्या बाजूस आलेला तट, निखळलेला चिरा, वाढलेले झुडूप हे सारे तिच्यात नांदत राहिले असते. पडद्याच्या काळात ती चौकट गडावरच पुसली जाण्याचा संभव मोठा. छायाचित्रकाराच्या लेखी मिटलेले डोळे म्हणजे दोष. अभ्यासकाच्या लेखी तो तट म्हणजे साधन. राजगड १९४८ पर्यंत भोर संस्थानच्या हद्दीत होता. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे जे १२ किल्ले समाविष्ट झाले त्यांत तो आहे. या दोन टोकांमध्ये गडाच्या बांधकामात केव्हा काय पडले व केव्हा काय दुरुस्त झाले, हे ठरविताना सरकारी कागदांखालोखाल सहलीच्या चित्रांचाच आधार पुष्कळदा घ्यावा लागणार. आणि सहलीच्या चित्रांत वास्तू बहुधा चुकूनच आलेली असते.

हीच गोष्ट गडाखालच्या खोऱ्यासही लागू आहे. धानेप येथे गुंजवणी प्रकल्पाचे धरण झाले. त्या जागी पूर्वी भातखाचरे कशी होती, वाटा कोठून जात, हे कोणी मुद्दाम टिपून ठेवण्याचे कारण नव्हते. गडाकडे जाता-येता रस्त्यावरून सहज घेतलेल्या, तिरक्या वा अंधुक चौकटींतच ते सापडले तर सापडावयाचे.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. केवळ त्याचे वेषांतर झालेले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला, त्यामागे मिळेल तो अस्सल कागद जसाच्या तसा राखण्याचा आग्रह होता. पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग संपादित केले. ती निवडच होती, आणि नावानेही ती निवड म्हणूनच प्रसिद्ध झाली. तिच्यावर मतभेद होऊ शकतात, कारण न निवडलेले कागद पुण्याच्या दप्तरखान्यात रुमालांत बांधलेले आजही आहेत. पुढच्या पिढीचा अभ्यासक निराळा प्रश्न घेऊन त्या रुमालांकडे परत जाऊ शकतो. सरदेसायांनी नाकारलेला कागद जाळून टाकला असता तर त्यांची निवड कितीही साक्षेपी असली तरी तिची परीक्षा करणे अशक्य झाले असते. निवड सदोष असण्यात फारसा धोका नाही; खरा धोका आहे तो न निवडलेले नाहीसे होण्यात. ओली काच आणि मागचा पडदा यांचा दोष असेल तर तो हा. कागदी निगेटिव्ह, रोल आणि पडदाविरहित कॅमेरा यांचा गुण असेल तर तोही हाच.

येथे दोन-तीन आक्षेप संभवतात आणि ते विचारात घेतले पाहिजेत. रोल होता म्हणून सारे उरलेच असे मानणे चुकीचे ठरेल. लायका घेऊन जगभर फिरलेल्या हेन्री कार्तिए-ब्रेसाँने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आपली पूर्वीची बहुसंख्य निगेटिव्ह स्वतःच कापून टाकली व मोजकी ठेवली. त्या काळातील त्याच्या काही प्रसिद्ध चित्रांच्या आगेमागे काय होते हे त्यामुळे कायमचे हरवले. याउलट १९४७ मध्ये मॅग्नम संस्था स्थापन झाल्यानंतर तो हिंदुस्थानात आला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येपूर्वी थोडाच वेळ तो त्यांना भेटला होता. या प्रवासातील रोल तो परदेशी पाठवीत असे व ते तेथे धुतले जात. सलग चौकटींचे ठसे संस्थेच्या दप्तरात जमा होऊ लागले. एकाच माणसाची, एकाच जातीच्या कॅमेऱ्याने घेतलेली ही दोन दशकांतील चित्रे. पण एकात क्रम नाहीसा झाला आहे आणि दुसऱ्यात तो शाबूत आहे. फरक यंत्राचा नसून दप्तराचा होता. यंत्र निवड पुढे ढकलू शकते. नाकारलेले जपण्याची हमी ते देऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ‘एम-डी टाइप २६२’ मध्ये बिनतारी जोडणी नव्हती. चित्रे पाहावयाची तर कार्ड काढून संगणकास लावणे हाच मार्ग होता. ‘एम१०-डी’ व ‘एम११-डी’ मात्र खिशातल्या मोबाइलशी जोडता येतात. पाठीवरचा पडदा काढला आणि तो खिशात ठेवला, असा हा मामला झाला. ‘एम१०-डी’ ला तर रोल पुढे ओढण्याच्या जुन्या खटक्यासारखा दिसणारा एक अंगठ्याचा टेकू दिलेला आहे, जो काहीच ओढत नाही. विलंबाचे वेषांतर आणि विलंब यांतील भेद या टेकूइतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसावा. या तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच नावाखाली घालून त्यांच्याविषयी सरसकट विधान करणे म्हणूनच अप्रशस्त ठरेल. ज्या गुणासाठी त्यांची वाट पाहिली गेली तो पूर्णांशाने पहिल्या दोन कॅमेऱ्यांत, म्हणजे २०१४ व २०१६ च्या, आढळतो.

तिसरे असे की, कार्ड हे अखेर ओल्या काचेचेच वंशज आहे. ते पुसून पुन्हा वापरले जाते. पडदाविरहित कॅमेऱ्याचा मालक घरी येऊन, संगणकावर चित्रे उतरवून, नावडती टाकून देऊन कार्ड कोरे करू शकतो. त्याला कोण अडविणार? मात्र निवडीची वेळ काही तासांनी वा दिवसांनी सरकली, गडाच्या उन्हातून घरातील टेबलावर आली, एवढ्यानेही फरक पडतो. डोळे मिटलेल्या माणसाचा त्रागा तोवर ओसरलेला असतो. शिवाय आजच्या कार्डांची व संगणकांची साठवण अफाट असल्यामुळे जागेच्या टंचाईपायी पुसण्याची गरज राहिलेली नाही. ‘एम११-डी’ मध्ये तर २५६ गिगाबाइट जागा कॅमेऱ्यातच आहे. गरज गेली, पण सवय अद्याप गेलेली नाही.

खुद्द पडदेवाल्या कॅमेऱ्यानेही आपल्या पुसण्याचा एक पुरावा नकळत मागे ठेवलेला असतो. रोलच्या कडेला कारखान्यातच छापलेले चौकटींचे आकडे असत. सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या कापल्या तरी क्रम जुळविता येई आणि पट्टी हरवली तर आकड्यांतील खंडावरून ते कळे. डिजिटल चित्रांच्या नावांतही बहुधा असाच अनुक्रमांक असतो. गडावर पुसलेल्या चित्राची जागा त्या अनुक्रमात खाडा म्हणून शिल्लक राहते. मात्र चित्रे कोणा संस्थेस देताना हौसेने नवी नावे दिली जातात, ‘राजगड एक’, ‘राजगड दोन’, आणि तो खाडाही बुजून जातो. मोबाइलवरून मोबाइलकडे फिरत आलेल्या चित्रांत तर मूळ नाव, तारीख व वेळ यांपैकी बहुधा काहीच उरत नाही.

मार्गासनी, साखर, गुंजवणे या पट्ट्यातील कुटुंबांकडून किंवा गडावर वर्षानुवर्षे जाणाऱ्या मंडळींकडून चित्रे मिळविताना उत्तम चित्रांची मागणी करण्याचा प्रघात म्हणूनच बदलावयास हवा. रोल असेल तर कापलेल्या सर्व पट्ट्या, न छापलेल्यांसह, मागाव्यात. बडोद्यास तयार होणाऱ्या ‘आग्फा क्लिक तीन’ सारख्या साध्या पेटीवजा कॅमेऱ्याचा १२ चित्रांचा रोल असेल तर बाराही चौकटी घ्याव्यात. त्यांत एखादी पूर्ण काळी असली तरी अकरावी कोठे संपते ते तिच्यावरून कळते. कार्ड वा संगणकातील संग्रह असेल तर मूळ नावांसह, अनुक्रमांकातील खाड्यांसह, आणि कॅमेऱ्यातील घड्याळाने नोंदविलेल्या वेळेसह तो उतरवून घ्यावा. ते घड्याळ चुकीचे लावलेले असले तरी त्यात सुधारणा करू नये. चूक किती ते स्वतंत्र कागदावर लिहावे. त्याच कागदावर कॅमेऱ्याचे नावही लिहून ठेवावे, आणि त्याला मागचा पडदा होता की नव्हता, हेही.